केळीचं कमळ सरीत टाकू नका

पाच बाय पाच फुटांवर लागवड केली तर एका एकरात केळीची साधारण 1,740 झाडं बसतात. प्रत्येक झाड निसवतं, घड धरतं आणि शेवटची फणी मोकळी झाली की घडाच्या टोकाला लोंबणारं जांभळट केळफूल शेतकरी कापून टाकतो. आपल्याकडचे केळीवाले त्यालाच कमळ म्हणतात. कमळ काढलं की घड चांगला पोसतो, म्हणून हे काम वेळेवर करावंच लागतं. पण रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात कापलेलं कमळ बहुतेक वेळा सरीतच पडतं आणि तिथंच कुजतं. मुंबई-पुण्याच्या मंडईत हेच फूल भाजी म्हणून पैसे मोजून घ्यावं लागतं. बंगालात त्याला ‘मोचा’ म्हणतात आणि त्याचा ‘घंटो’ सणावाराला रांधतात. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं फूल मात्र आपल्यातल्या फार थोड्या घरांत शिजतं.

खाण्याची फुलं म्हटलं की हल्ली मोठ्या हॉटेलातल्या ताटावर नुसती शोभेला ठेवलेली पाकळी डोळ्यांपुढे येते. या लेखात सांगायची आहेत ती पोटभर खाण्याची फुलं. जळगाव-धुळ्यात ती बारा महिने काही ना काही मिळतात: शेतात, बांधावर, परसात आणि सातपुड्याच्या रानात. ती वापरायची तर तोडण्याआधी दोन प्रश्न विचारायची सवय लावा. हे कुठल्या झाडाचं आहे? आणि त्या झाडावर, किंवा शेजारच्या पिकावर, काय फवारलं आहे? खान्देशात दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. का, ते केळफुलापासूनच पाहू.

निर्यातीच्या केळीवर डाग चालत नाहीत. फुलकिड्यांमुळे सालीवर तांबूस खरड पडू नये म्हणून बरेच बागायतदार ‘बड इंजेक्शन’ देतात. कमळ नुकतंच झाडातून वर आलेलं, अजून उभं आणि मिटलेलं असतं, तेव्हाच सुईनं त्यात कीटकनाशकाचं पाणी सोडतात. औषध फुलाच्या आत मुरतं. असं कमळ कितीही धुतलं, मिठाच्या पाण्यात ठेवलं, उकळलं, तरी खाण्यालायक होत नाही. म्हणून बागेतून कमळ घेताना शेतकऱ्याला सरळ विचारा, “भाऊ, कमळाला इंजेक्शन दिलंय का?” ‘हो’ म्हणाला तर सोडून द्या. ‘घडावर फवारणी केलीय’ म्हणाला तरी सोडून द्या. परसातली दोन-चार झाडं, विहिरीच्या पाटाजवळची केळ, किंवा ज्यानं घरच्या खाण्यासाठी वेगळी ओळ राखली आहे त्याची बाग, ही भरवशाची ठिकाणं. मृगबाग आणि कांदेबाग या दोन्ही लागवडींमुळे निसवण वर्षातून दोनदा जोरात येते, त्यामुळे फूल मिळण्याची अडचण नाही.

आता साफ करणं. हे काम किचकट आहे, पण एकदा हात बसला की अर्ध्या तासात एक केळफूल होतं. जुनी साडी किंवा वर्तमानपत्र अंथरा, बोटांना आणि विळीला गोडेतेल लावा. केळफुलाचा चीक कपड्याला लागला की जात नाही आणि बोटं दोन दिवस काळी राहतात. वरची जाड जांभळी आवरणं एकेक करून उलगडा. प्रत्येकाखाली पिवळसर फुलांची दुहेरी रांग दिसेल. ती रांग अखंड उचलून हातात घ्या. प्रत्येक फुलात मधोमध एक ताठ काडी असते, तिच्या टोकाला गाठ असते. ती शिजत नाही, दातांखाली येते. बुडाशी नखाएवढा पारदर्शक पापुद्रा असतो, तोही शिजत नाही. दोन्ही उपटून टाका. आत जाल तशी फुलं लहान आणि पांढरी होत जातात. शेवटी फिकट, कोवळा गाभा उरतो, त्याला काही करावं लागत नाही, तो तसाच बारीक चिरायचा. चिरलेलं लगेच आंबट ताकाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळं पडतं. रात्रभर भिजू द्या. सकाळी ते पाणी ओतून द्या, तुरटपणा त्याच्याबरोबर जातो.

भाजी करताना कोकणी पद्धतीची ओल्या नारळाची वाट धरायलाच हवी असं नाही. आपल्या चवीला काळा मसाला जास्त शोभतो. भिजवलेलं केळफूल मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळून घट्ट पिळून घ्या. कांदा आणि सुकं खोबरं तव्यावर चांगलं काळपट होईपर्यंत भाजून लसूण-आल्याबरोबर वाटा. कढईत शेंगदाण्याचं तेल जरा सढळ हातानं घ्या, मोहरी-जिरं तडतडलं की वाटण परता, तेल सुटलं की काळा मसाला, हळद, मग केळफूल आणि रात्री भिजवून शिजवलेली चवळी. शेवटी भाजलेल्या दाण्याचं जाडसर कूट. एका मध्यम केळफुलात चार जणांची भाजी होते. कळण्याच्या भाकरीबरोबर ही भाजी भरताच्या तोडीची लागते, असं माझं ठाम मत आहे. मुलांना द्यायची असेल तर उकडून पिळलेलं केळफूल बेसन, तीळ, ओवा आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्यात मळून त्याचे मुटके वाफवा, गार झाल्यावर कापून तेलात परता.

भाजीची बाकीची फुलं सोपी आहेत. शेवगा माघ-फाल्गुनात पांढराफेक होतो. पहाटे झाडाखाली चादर अंथरून फांदी हलकेच हलवली की पुरेशी फुलं पडतात. झाडावरचे सगळे तुरे ओरबाडले तर शेंगा कुठून येणार? फुलं पाण्यात बुडवून किडे निघून जाऊ द्या. कांद्यावर परतून, थोडं बेसन पेरून झाकणाखाली सात-आठ मिनिटं पुरतात. हादग्याची फुलं पावसाळा सरता सरता येतात. उमललेल्यापेक्षा मिटलेली, चंद्रकोरीसारखी कळी निवडा, ती जास्त कोवळी असते. आतली केसरांची जुडी आणि बुडाची हिरवी वाटी काढलीत तर कडूपणा निम्म्याहून कमी होतो. हीही पीठ पेरून करतात.

कुंपणावरच्या गंगाफळाच्या वेलाला दोन तऱ्हांची फुलं येतात. लांब सडपातळ देठावरची ती नर, आणि बुडाशी छोटंसं फळ घेऊन आलेली ती मादी. खायला नर फूल घ्यायचं. तेही सगळी नर फुलं नाही, परागीभवनासाठी चार ठेवायची. सकाळी लवकर तोडा, उघडून आत मधमाशी नाही ना ते बघा, मधला दांडा काढा आणि बेसन-ज्वारीच्या पिठात बुडवून तळा. मेक्सिकोत हीच फुलं चीजबरोबर मक्याच्या रोटीत घालतात, इटलीत आत सारण भरून तळतात. एक सावधगिरी मात्र घ्या: ज्या वेलाचं फळ कडू निघालं आहे, त्याचं फूलही खाऊ नका. भोपळा, दोडकं, गिलकं या सगळ्या वेलवर्गीय भाज्यांतला तीव्र कडूपणा हा विषारी द्रव्याचा असतो आणि तो शिजवून जात नाही.

कडुनिंबाचा मोहोर आपण पाडव्याला गूळ, चण्याची डाळ, जिरं, हिंग यांच्याबरोबर चमचाभर खातो आणि वर्षभर विसरतो. चैत्रात झाडाखाली तो सडा पडतो. चादरीवर झेलून सावलीत वाळवा. तुपात कुरकुरीत तळलेला मोहोर आमटी-भातावर चिमूटभर टाकला की कडसर खमंग चव येते.

यानंतर मोह. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर आणि शेजारचा नंदुरबार, म्हणजे सातपुड्याच्या कुशीतला सारा पट्टा. इथल्या पावरा, भिल्ल, कोकणी घरांत मोहाचं फूल हे धान्याइतकंच महत्त्वाचं अन्न आहे. फाल्गुन-चैत्रात पानगळ झालेल्या झाडावरून ही जाड, रसाळ, फिकट पिवळी फुलं रात्रीपासून टपटपत राहतात आणि उजाडायच्या आत टोपल्या भरतात. बाहेरच्या माणसाला मोह म्हटलं की फक्त दारू आठवते. हा या झाडावर आणि त्यावर जगणाऱ्या माणसांवर मोठा अन्याय आहे. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखरच असते. धान्य संपत आलेल्या दिवसांत हेच फूल उकडून, भाजून, भाकरीच्या पिठात मळून घरोघरी चालत आलं आहे. दारूबंदीच्या कायद्याखाली मोहफुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावर आणि नेण्या-आणण्यावर जी बंधनं होती, ती राज्य सरकारनं 2021 मध्ये शिथिल केली. घरी दारू गाळणं आजही गुन्हाच आहे. लाडू करायला मात्र कुणी अडवत नाही.

शहरातल्या वाचकांना एवढीच विनंती, की मोह गोळा करायला स्वतः रानात जाऊ नका. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर तिथल्या वननिवासींचा हक्क मान्य केला आहे आणि बऱ्याच ठिकाणी कुठलं झाड कोणत्या घरानं वेचायचं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. त्यांच्याकडून विकत घ्या, घासाघीस न करता घ्या. घेताना झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरून वेचलेली फुलं मागा. पाला जाळून जमीन साफ केली की फुलं सहज दिसतात हे खरं, पण त्या जाळातून वणवे लागतात आणि फुलांना धुराचा, राखेचा वास राहतो. चांगलं वाळलेलं मोहफूल मनुकेसारखं तपकिरी आणि किंचित चिवट असतं. बुरशीचा पांढरा थर किंवा आंबूस वास असेल तर परत करा.

लाडवांसाठी दोन वाट्या मोहफुलं निवडून, आतले केसर झटकून, पटकन धुऊन उन्हात पुन्हा कोरडी करा. मंद आचेवर भाजताना आधी ती फुगतात, मऊ पडतात, मग हळूहळू कडक होऊ लागतात. घाई केली तर साखर करपते आणि लाडू कडू होतो. गार झाली की कुरकुरीत होतात. एक वाटी भाजलेले तीळ, एक वाटी भाजलेले सोललेले शेंगदाणे यांच्याबरोबर सगळं खलबत्त्यात कुटा. मिक्सर चालेल, पण थांबत थांबत फिरवा. तेल सुटून मिश्रण आपोआप वळलं जातं, गूळ लागत नाही. मधुमेह असलेल्यांनी हे लाडू साखरेच्या लाडवांसारखेच मोजून खावेत. ‘रानातलं आहे, चालतं’ असं समजू नये. ज्वारीच्या पिठात भिजवून ठेचलेली मोहफुलं घालून केलेली भाकरी दुधाबरोबर खाऊन बघा, मुलांना ती आवडते.

पेयांकडे वळायचं तर खान्देशच्या उन्हाळ्यात त्यांची गरज वेगळी सांगायला नको. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांपलीकडे जातो. माझ्या मते पहिला मान लाल अंबाडीच्या बोंडांना. भाजीची अंबाडी आपण सगळे खातो, पण ज्या लाल अंबाडीला मांसल, आंबट बोंडं येतात तिची फुलं गळून गेल्यावर उरणारी लाल आवरणं हा सरबताचा खजिना आहे. इजिप्तमध्ये याच्याच पेयाला ‘करकदे’ म्हणतात, मेक्सिकोत ‘हमाइका’. हिवाळ्यात बोंडं तोडा, आतली बियांची हिरवी गाठ काढा आणि लाल पाकळ्या वाळवून ठेवा. एक लिटर पाण्याला वाळलेल्या पाकळ्यांची एक मोठी मूठ, पाच मिनिटं उकळी, झाकून गार, मग गाळून गूळ किंवा साखर, चिमूटभर काळं मीठ, भाजलेलं जिरं. भांडं स्टीलचंच घ्या. हे पाणी इतकं आंबट असतं की तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ते कळकतं. अंबाडी आपल्याकडे बऱ्याचदा कपाशीच्या कडेनं पेरतात आणि कपाशीवर किती फवारण्या होतात हे कपाशीच्या मुलखात वेगळं सांगायला नको. म्हणून सरबताची अंबाडी कपाशीपासून दूर, परसात चार झाडं लावून घ्या. हे सरबत रक्तदाब उतरवतं, तेव्हा त्यावर गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून प्यावं. गरोदर बायकांनी टाळलेलं बरं.

पळस होळीच्या सुमाराला पेटतो. त्याच्या फुलांचा केशरी रंग होळीत खेळतात, तसंच त्याचं सरबतही करतात. ताज्या फुलांची काळपट मखमली वाटी काढून फक्त केशरी पाकळ्या घ्या, ग्लासाला पाच-सहा, रात्रभर गार पाण्यात ठेवा, सकाळी गाळून लिंबू-साखर घाला. चव सौम्य असते, जास्त फुलं घातली की तुरट होते. हेही गरोदरपणी नको. रंगासाठी बाजारात मिळणारी पळसाची भुकटी पिण्यासाठी वापरू नका, तिच्यात काय मिसळलं आहे ते कळायला मार्ग नसतो.

गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी निळं होतं आणि लिंबू पिळलं की जांभळं. आंबटपणानुसार फुलातलं रंगद्रव्य रूप पालटतं, एवढंच त्यामागचं कारण. चव फारशी नसते, पाहुण्यांसमोर रंगाची मजा. पेयासाठी जास्वंदाची मात्र एकेरी लाल पाकळीचीच फुलं घ्या, हिरवं बूड आणि मधला दांडा काढून.

माठात मोगरा टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. संध्याकाळी आठ-दहा कळ्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून माठात सोडा, सकाळी काढून टाका. गजऱ्याची फुलं नकोत, झाडावरचीच घ्या. दुहेरी तगर लांबून मोगऱ्यासारखीच दिसते आणि ती खाण्या-पिण्याची नव्हे. ओळखायची रीत सोपी: पान किंवा देठ मोडा. पांढरं दूध आलं तर तगर.

गुलकंदासाठी गावठी, वासाचा गुलाबी गुलाब लागतो. पाकळ्यांच्या वजनाइतकी खडीसाखर, काचेच्या बरणीत एकावर एक थर, तोंडाला फडकं, तीन-चार आठवडे ऊन. पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी धरते. फुलवाल्याकडचा गुलाब आणि झेंडू पूजेलाच ठेवा. ही फुलं टवटवीत दिसावीत म्हणून वाढवतात, खाण्यासाठी नाही, आणि त्यांवर काय-काय मारलेलं असतं ते फुलवाल्यालाही ठाऊक नसतं.

पूजेत चालतं ते पोटात चालतं, असं समजणं ही जिवावर बेतणारी चूक आहे. महादेवाला वाहिला जाणारा धोतरा, मारुतीच्या गळ्यातली रुई, अंगणातली तांबडी किंवा पांढरी कण्हेर, पिवळी बिट्टी, ही सगळी विषारी आहेत. कण्हेर आणि बिट्टी थेट हृदयावर परिणाम करतात. रानातली देखणी कळलावीही विषारीच. ही फुलं ताटाच्या कडेला शोभेलाही ठेवू नका, सरबताच्या घड्याजवळही नको. चुकून कुणी खाल्लं तर घरगुती उपाय करण्यात, उलटी काढण्यात वेळ घालवू नका. फुलाची फांदी बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा. फांदी पाहिली की डॉक्टरांना नेमकं कळतं.

खाण्याचं फूलसुद्धा पहिल्यांदा चमचाभरच खा, एका वेळी एकच. परागाचा त्रास, दमा किंवा अंगावर पित्त उठण्याची सवय असेल तर केसर काढल्याशिवाय कुठलंही फूल तोंडात टाकू नका. लहान मुलांना आधी झाडाची ओळख करून द्या, फुलाची चव नंतर. नाहीतर ती प्रत्येक लाल-पिवळं फूल चाखायला लागतात.

साठवणीला आपलं हवामान मदतीला आहे. बिबडे, पापड, कुरडया वाळतात तेव्हा गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात गोणपाटावर निंबाचा मोहोर, पळसाच्या पाकळ्या, गुलाबाच्या पाकळ्या अंथरा. रंगाच्या फुलांना थेट ऊन दाखवू नका, रंग उडतो. मोहफुलांना मात्र कडक ऊनच हवं. बाकीची फुलं हातात घेऊन चुरगाळली की कुरकुर आवाज यायला हवा, तोपर्यंत डबाबंद करू नका. ताजी फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या भांड्यात ठेवली तर संध्याकाळपर्यंत तरतरीत राहतात, त्यापुढे नाही.

पावसाळ्यात कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथं पानांच्या आणि कंदांच्या भाज्या भरपूर असतात, फुलांचं टेबल क्वचित दिसतं. बचतगटांतल्या ताईंना विनंती आहे, की यंदा केळफुलाची भाजी, गंगाफळाच्या फुलांची भजी, मोहाचे लाडू आणि अंबाडीचं सरबत घेऊन जा, आणि प्रत्येकाशेजारी ठळक अक्षरांत पाटी लावा: कुठल्या झाडाचं, कुठल्या गावच्या कुठल्या बागेतलं, आणि त्यावर फवारणी किंवा इंजेक्शन झालेलं नाही याची तुमच्या नावानिशी खात्री.